कुलूप हुशार, पण आतली कडी?

बोटाच्या ठशावर किंवा आकड्यांवर उघडणारे डिजिटल कुलूप आता नव्या इमारतींतील अनेक सदनिकांना बिल्डरच बसवून देतात. जुन्या घरांतही ते शिरू लागले आहे. बरेचदा त्याची खरेदी बंगळूरु, दुबई किंवा अमेरिकेत असलेली मुले ऑनलाइन करतात आणि ते बसते पुण्या-नाशिकातल्या आई-वडिलांच्या दाराला. खरेदी करताना डोळ्यांपुढे चोर असतो. पोलादी खिट्ट्या किती, कॅमेरा आहे का, मोबाइलवर सूचना येते का, एवढे पाहिले जाते. रोज ते कुलूप उघडणारे बोट मात्र सत्तरीतले असते. त्या बोटाची त्वचा कोरडी पडलेली असते, हात थोडा थरथरत असतो आणि चष्मा बहुधा घरात राहिलेला असतो.

म्हणून ज्या घरात वयस्क माणसे आहेत, कोणी आजारी आहे किंवा कोणी एकटे राहते, तिथे कुलूप निवडताना दोन प्रश्न आधी विचारायला हवेत. घरातल्या सर्वांत अशक्त हाताला ते सहज उघडते का? आणि घरात कोणी कोसळले असताना बाहेर उभ्या असलेल्या योग्य माणसाला ते उघडता येते का? चोराचा विचार त्यानंतर केला तरी चालतो. बाजारातली बहुतेक चांगली कुलपे चोराला पुरेशी अडवतात. अडचण येते ती घरच्याच माणसांना.

नक्षी तीच, पण खोली कमी

बोटाच्या टोकावर बारीक कंगोरे आणि त्यांच्यामध्ये चरी असतात. ही नक्षी आईच्या पोटात, साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास ठरते आणि जन्मभर बदलत नाही. कुलपावरच्या छोट्या चकतीखाली हजारो सूक्ष्म विद्युत पट्ट्या असतात. बोट टेकवले की कंगोरा चकतीला चिकटतो आणि चरीत हवा राहते. या दोन्ही ठिकाणी विद्युतभार साठण्याचे प्रमाण वेगळे असते. त्या फरकातून ठसा उमटतो. रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, अशा खुणांचा गणिती आराखडा करून कुलूप तो जपून ठेवते आणि पुढच्या वेळी आलेल्या ठशाशी ताडून पाहते.

नक्षी बदलत नसली तरी तिची खोली बदलते. वय वाढते तशी त्वचा पातळ आणि कोरडी होते, तिची लवचीकता जाते आणि कंगोरे सपाट होऊ लागतात. कोरडे बोट चकतीला नीट चिकटत नाही, त्यामुळे ठसा तुटक येतो. ओल्या बोटाचे उलट होते. चरींमध्ये पाणी भरते आणि कंगोरा व चर यांतला फरकच पुसला जातो. कणीक मळून आलेली बोटे, भांडी घासून सुरकुतलेली बोटे, सिमेंटमध्ये काम करणाऱ्या गवंड्याची झिजलेली बोटे, इसब असलेल्या माणसाची भेगाळलेली बोटे, या सगळ्यांसमोर यंत्र गडबडते.

काही औषधांचाही असा परिणाम होतो. स्तनाच्या किंवा मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या कॅपेसिटाबिन या औषधाने काही रुग्णांचे तळहात आणि तळपाय लाल होतात, त्यांची सालपटे निघतात. उपचार बराच काळ चालला तर ठसे पुसट होऊ शकतात. हे औषध घेणाऱ्या सिंगापूरच्या एका रुग्णाला अमेरिकेत उतरल्यावर ठसे उमटत नाहीत म्हणून थांबवून ठेवले गेले होते. त्याची नोंद २००९ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आली.

आपल्याकडच्या निवृत्तिवेतनधारकांना हा अनुभव नवा नाही. हयातीचा दाखला ठशावर देण्याची ‘जीवन प्रमाण’ ही सोय २०१४ मध्ये सुरू झाली. ठसा न जुळणाऱ्या ज्येष्ठांची अडचण लक्षात घेऊन २०२१ मध्ये चेहरा ओळखून दाखला देण्याची पद्धत आणावी लागली. ज्यांना त्या यंत्रावर अंगठा तीन-चार वेळा टेकवावा लागतो, त्यांना घराच्या दाराशीही तेच करावे लागण्याची शक्यता मोठी असते.

दुकानदार सांगतो, ‘आमचे कुलूप एकदम अचूक आहे.’ या अचूकतेला दोन बाजू आहेत. यंत्र ठशाला थेट ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत नाही. ते साम्याला गुण देते आणि ठरावीक गुणांच्या वर असेल तरच दार उघडते. ही मर्यादा वर नेली की परका माणूस आत शिरण्याची शक्यता कमी होते, पण घरचा माणूस नाकारला जाण्याची शक्यता वाढते. मर्यादा खाली आणली की उलट होते. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणणारे यंत्र नाही. जाहिरातीत बहुधा पहिल्या चुकीचाच आकडा असतो. आजी दाराबाहेर किती वेळा ताटकळेल, ते दुसऱ्या आकड्यावर ठरते.

ज्याचा त्याचा मार्ग

यावर उपाय सोपा आहे. फक्त ठशावर चालणारे कुलूप घेऊ नये. ठसा, आकडे, कार्ड किंवा चकती आणि साधी किल्ली असे चार मार्ग असलेले कुलूप घ्यावे आणि घरातल्या प्रत्येकाला जमेल तो मार्ग द्यावा.

संधिवाताने बोटे वाकडी झालेल्यांना किल्ली चिमटीत धरून फिरवणे हेच मुळात कष्टाचे असते. त्यांना ठसा किंवा कार्ड सुटका वाटते. दाराला गोल मुठीऐवजी खाली दाबायचा दांडा असेल तर आणखी बरे, कारण तो कोपरानेही दाबता येतो. कंपवाताच्या रुग्णाला बोट एका जागी स्थिर ठेवणे अवघड जाते आणि लहान आकड्यांवर नेम धरणेही. त्याला कार्ड सोयीचे, कारण ते नुसते जवळ नेले तरी चालते. कमी दिसणाऱ्यांसाठी आकडे मोठे आणि उजळणारे हवेत आणि दार उघडले की बंदच आहे हे आवाजाने कळायला हवे. चेहरा ओळखणारे कुलूप घ्यायचे असेल, तर कॅमेऱ्याची उंची चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला आणि शाळेतून येणाऱ्या मुलाला चालते का, ते पाहावे. साध्या फोटोला फसणारा स्वस्त कॅमेरा टाळावा. इन्फ्रारेड प्रकाशाने चेहऱ्याचा उंच-सखलपणा मोजणारे कुलूप घेणे चांगले.

विस्मरणाचा आजार असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. स्मृतिभ्रंशात नवी माहिती आधी निसटते, पण हाताला वर्षानुवर्षे पडलेले वळण बराच काळ टिकते. सहा आकडे लक्षात न राहणारे आजोबा चाळीस वर्षे फिरवलेली किल्ली बरोबर फिरवू शकतात. अशा घरात जुन्या पद्धतीची किल्ली चालणारे कुलूपच ठेवणे शहाणपणाचे असते. हे आजोबा नकळत बाहेर निघून जातील ही भीती खरी असते. म्हणून अनेक जण त्यांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावतात. पण आग लागली किंवा गॅसची गळती झाली तर तेच दार जिवावर बेतते. त्यापेक्षा दार उघडताच घरच्यांच्या मोबाइलवर सूचना जाईल किंवा घरात घंटी वाजेल अशी सोय करावी.

आत असलेल्या कोणालाही किल्लीशिवाय, आकड्यांशिवाय, अंधारात, एकाच हालचालीत दार उघडता आले पाहिजे. या नियमाला अपवाद करू नये. वीज गेली, बॅटरी संपली, यंत्रणा बिघडली तरी आतला दांडा केवळ यांत्रिक ताकदीने खिट्टी मागे ओढतो ना, हे विकत घेण्यापूर्वी स्वतः करून पाहावे.

खरा अडसर आत

रात्री दोन वाजता एकट्या राहणाऱ्या आजी न्हाणीघरात पडल्या, अशी कल्पना करा. मोबाइल खोलीत राहिला. सकाळी फोन उचलला जात नाही म्हणून मुलगी दुसऱ्या शहरातून शेजाऱ्यांना कळवते, त्यांना कुलपाचा आकडा सांगते. कुलूप आज्ञाधारकपणे उघडते. दार मात्र हलत नाही, कारण आजींनी झोपताना वरची कडी लावलेली असते.

मराठी घरांत रात्री कडी लावणे हा संस्कार आहे. मुख्य दाराला वर-खाली बोल्ट, त्याबाहेर जाळीचे सेफ्टी डोअर आणि त्यालाही आतून कडी, अशी तटबंदी असते. त्यात एखादे स्मार्ट कुलूप बसवले तरी बाहेरून येणाऱ्या मदतीच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. शिवाय अनेक डिजिटल कुलपांत आतून ‘डबल लॉक’ करण्याचे बटण किंवा खुंटी असते. ती फिरवली की बाहेरचे ठसे आणि आकडे नाकारले जातात. काही कुलपांत मुख्य आकडा किंवा यांत्रिक किल्ली त्यावरही मात करते, काहींत तेही चालत नाही.

वेळेचा हिशेब मांडला की हे का महत्त्वाचे ते कळते. पडल्यानंतर तासाभराहून अधिक काळ जमिनीवर पडून राहणे हा डॉक्टरांच्या दृष्टीने पडण्याइतकाच गंभीर प्रकार असतो. अंगाखाली दाबलेल्या स्नायूंची झीज होऊन त्यातील घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. शरीरातले पाणी कमी होते, त्वचेला दाबाच्या जखमा होतात. पक्षाघातात मेंदूतली मोठी रक्तवाहिनी तुंबली तर मिनिटाला सरासरी सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. हृदय अचानक बंद पडले आणि छातीवर दाब देणे किंवा विजेचा झटका यांपैकी काहीच मिळाले नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका १०८ वर फोन करून वेळेत आली, तरी दार फोडण्याची साधने तिच्यात नसतात. त्यासाठी अग्निशमन दलाची वाट पाहावी लागते.

म्हणून कुलूप बसवायचे ठरले की आतल्या कड्यांचे काय करायचे, हे त्याच दिवशी ठरवावे. मुख्य दाराचे वरचे बोल्ट काढून टाकावेत किंवा निदान रात्री लावू नयेत. कुलपाची स्वतःची खिट्टी पुरेशी मजबूत असते. हे आई-वडिलांना पटवून देणे सोपे नाही, कारण कडीचा आवाज आल्याशिवाय अनेकांना झोप लागत नाही. अशा वेळी बाहेरून किल्लीने उघडणारे नाइट लॅच हा मधला मार्ग आहे. सेफ्टी डोअरलाही असेच किल्लीचे लॅच लावावे आणि त्याची एक किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्यांकडे असावी. न्हाणीघराची कडी ज्येष्ठांनी आतून लावू नये, ही सूचना डॉक्टर नेहमी देतात. ती मुख्य दारालाही थोड्याफार फरकाने लागू होते.

लाकूड, पाऊस आणि खिट्टी

कुलूप कितीही आधुनिक असले तरी ते बसते लाकडी फळीवर, आणि लाकूड हवेतली आर्द्रता शोषते. धाग्यांच्या दिशेने ते फारसे वाढत नाही, पण आडव्या दिशेने फुगते. उन्हाळ्यात अलगद बसणारे दार जुलैमध्ये चौकटीला घासते ते त्यामुळे. हाताने किल्ली फिरवताना आपण दार थोडे उचलतो, ओढतो, खांदा लावतो. कुलपातल्या छोट्या मोटारीला ते करता येत नाही. खिट्टी चौकटीतल्या खाचेच्या कडेला अडकली की मोटार घरघरते, जास्त वीज खाते आणि अखेर थांबते. मग दोष कुलपाला दिला जातो, पण काम असते सुताराचे.

कुलूप बसवण्यापूर्वी दार न उचलता, न ढकलता आपोआप बंद होते का ते पाहावे. बिजागऱ्या सैल असतील तर आधी त्या आवळून घ्याव्यात, कारण नव्या कुलपाचे वजनही त्यांच्यावरच येणार असते. दार आणि चौकट यांच्यात दोन-तीन मिलिमीटर फट हवी. दाराची कड रंगवलेली किंवा पॉलिश केलेली असावी. वरची आणि खालची कड बहुधा कोरी राहते आणि ओल तिथूनच आत शिरते. बसवणाऱ्या माणसाकडून चौकटीतली खाच थोडी सढळ हाताने कोरून घ्यावी.

दाराची जाडी आणि कुलूप बसेल तिथल्या पट्टीची रुंदी मोजूनच ऑर्डर द्यावी. प्रत्येक मॉडेलला ठरावीक जाडी लागते. जाळीचे किंवा कोरीव नक्षीचे दार असेल तर ही रुंदी कमी पडते. भाड्याच्या घरात फळी कोरण्यापूर्वी घरमालकाची परवानगी घ्यावी, किंवा आहे त्या कुलपावर बसणारे मॉडेल पाहावे. बंगल्याच्या फाटकावर किंवा पावसाचे सपकारे येणाऱ्या दारावर कुलूप लावायचे असेल तर ‘आयपी’ क्रमांक पाहावा. त्यातला पहिला अंक धुळीपासूनच्या संरक्षणाचा आणि दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा असतो. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या हवेत धातूचे टोक लवकर गंजते. तिथे दर काही महिन्यांनी कोरड्या मऊ कापडाने टोके पुसलेली बरी.

पेन्सिल सेलचे गणित

बहुतेक कुलपे चार किंवा आठ पेन्सिल सेलवर चालतात. अल्कलाइन सेलचा दाब १.५ व्होल्ट असतो, चार सेल ओळीने जोडले की ६ व्होल्ट मिळतात. पैसे वाचावेत म्हणून काही जण पुन्हा चार्ज होणारे निकेल सेल घालतात. त्यांचा दाब १.२ व्होल्ट असतो, म्हणजे चारांचे मिळून ४.८. कुलपाला सेल नव्यानेच उतरल्यासारखे वाटतात आणि बॅटरीचा इशारा चुकतो. माहितीपत्रकात सांगितले असतील तेच सेल वापरावेत. नवे-जुने एकत्र घालू नयेत, सगळे एकदम बदलावेत.

‘सेल वर्षभर चालतात’ हा दावा दिवसातून किती वेळा दार उघडते यावर अवलंबून असतो. समजा तो हिशेब दिवसाला दहा वेळांचा आहे. आपल्या घरांत दूध, पेपर, कचरा, मावशी, कुरिअर आणि मुलांचे खेळणे धरून दार तीस वेळा उघडले तर तेच सेल चार महिन्यांत संपतील. सतत वाय-फायला जोडलेले कुलूप आणखी लवकर संपवते. सेल बदलायचे दिवस ठरवून टाकणे हा सर्वांत सोपा मार्ग. गुढीपाडवा आणि दसरा यांच्यात साधारण सहा महिन्यांचे अंतर असते, ते दोन सण लक्षातही राहतात.

तरीही सेल संपलेच तर बाहेरच्या बाजूला खालच्या कडेला दोन धातूचे ठिपके किंवा यूएसबीचे छिद्र असते. ठिपक्यांना नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून किंवा छिद्राला पॉवर बँक जोडून कुलूप तात्पुरते जागे करता येते. दार मात्र त्यानंतरही ठशाने किंवा आकड्यांनीच उघडते, त्यामुळे याने चोराचे फावत नाही. ही बॅटरी घरात ठेवून उपयोग नाही. ती शेजारी किंवा गाडीत असावी. हीच चूक यांत्रिक किल्लीबाबत सर्रास होते. कुलपासोबत आलेल्या दोन्ही किल्ल्या दिवाणखान्यातल्या ड्रॉवरमध्ये पडून असतात आणि घरचे सगळे बाहेर उभे.

आकडे, नोंदी आणि घरातली सत्ता

चार आकड्यांच्या १०,००० जुळण्या होतात, सहा आकड्यांच्या १० लाख. पण जन्मतारीख ठेवली की चार आकड्यांतही शक्यता उरतात जेमतेम ३६६. काचेवर चार आकडे तेलकट डागांनी उठून दिसत असतील तर त्यांच्या जुळण्या होतात फक्त २४. म्हणून सहा आकडे घ्यावेत आणि काच अधूनमधून पुसावी. खऱ्या आकड्यांच्या आधी-नंतर कोणतेही फालतू आकडे दाबू देणारे कुलूप मिळाले तर ते आणखी चांगले. सलग चुकीचे आकडे दाबल्यास कुलूप काही मिनिटे गोठते का, तेही पाहावे.

एकच आकडा साऱ्या घराला आणि मदतनिसांना देऊ नये. प्रत्येकाला वेगळा दिला तर एखादा बंद करताना बाकीच्यांना त्रास होत नाही. स्वयंपाकाच्या मावशींना सकाळच्या ठरावीक वेळेत चालणारा आकडा देता येतो. पाहुण्याला एकदाच चालणारा आकडा देता येतो. काही कुलपे असा आकडा इंटरनेटशिवायही स्वीकारतात. कुलूप आणि मोबाइल ॲप यांच्यात एक गुपित आधीच वाटलेले असते आणि दोघेही घड्याळ पाहून तोच आकडा काढतात.

कोण कधी आले-गेले याची नोंद अशा कुलपांत राहते. दूरच्या मुलांना तिचा आधार वाटतो. रोज सातला दुधासाठी उघडणारे दार नऊपर्यंत उघडले नाही, तर फोन करायचे कारण मिळते. पण ही नोंद म्हणजे पाळतही आहे. मावशींच्या, सुनेच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या प्रत्येक येण्या-जाण्यावर कोणी एक माणूस मोबाइलवर नजर ठेवून असेल तर त्याचे काय करायचे, याची चर्चा घरात उघडपणे व्हायला हवी. ज्याच्या हाती मुख्य खाते, तो दुसऱ्याचा प्रवेश एका क्षणात बंद करू शकतो. मुख्य अधिकार घरात राहणाऱ्या निदान दोन प्रौढांकडे असावेत. आई-वडिलांच्या घराचे कुलूप मुलांना दुरून उघडता येत असेल तर ते त्यांना माहीत असले पाहिजे आणि मान्यही.

ठशाचा आराखडा कुलपातच राहतो की कंपनीच्या संगणकावर जातो, हे विचारून घ्यावे. चोरीला गेलेला आकडा बदलता येतो, बोट बदलता येत नाही. इंटरनेट बंद असताना ठसा आणि आकडे चालायलाच हवेत. उद्या कंपनीने सेवा बंद केली तरी घराचे दार उघडले पाहिजे.

बसवल्या दिवशीची कामे

कारागीर जाण्यापूर्वी दार उघडे ठेवूनच सगळी चाचणी करावी. खिट्टी उघड्या दारात दहा वेळा आत-बाहेर करून पाहावी, मगच दार लावावे. कारखान्यातून येणारा मुख्य आकडा माहितीपत्रकात छापलेला असतो, म्हणजे तो जगाला माहीत असतो. तो लगेच बदलावा, आणि कारागिराने चाचणीसाठी स्वतःचा ठसा नोंदवला असेल तर तो पुसावा.

प्रत्येकाची निदान दोन बोटे नोंदवावीत, दोन्ही हातांची एकेक. उजव्या हातात पिशवी असताना किंवा पट्टी बांधलेली असताना डावे बोट कामी येते. ज्यांचे अंगठे झिजले आहेत त्यांनी कमी वापरातले बोट, उदाहरणार्थ अनामिका, नोंदवून पाहावे. नोंदवताना हात धुऊन कोरडे करावेत. त्वचा फारच कोरडी असेल तर किंचित क्रीम चोळून पुसून घ्यावे. बोट दर वेळी थोड्या वेगळ्या कोनात टेकवावे, म्हणजे कुलपाकडे ठशाचा मोठा भाग जमा होतो. मग आठवडाभर ज्येष्ठांनी तेच वापरून पाहावे, ओल्या हाताने, घाईत, संधिप्रकाशात. दहापैकी दोन-तीन वेळा नकार येत असेल तर त्यांना कार्ड द्यावे आणि विषय संपवावा.

दार आपोआप लॉक होण्याची सोय विसरभोळ्यांना उपयोगी असते. पण कचऱ्याचा डबा ठेवायला किंवा तुळशीला पाणी घालायला बाहेर आलेल्या आजींच्या मागे दार बंद झाले, मोबाइल आत राहिला आणि हात ओला असला तर पंचाईत होते. लॉक होण्यापूर्वीचा अवधी वाढवून ठेवावा, आणि कुलपाचे एक कार्ड शेजारी द्यावे.

दुकानात विचारायचे प्रश्न थोडक्यात असे आहेत.

१. ठशाशिवाय आणखी कोणते मार्ग आहेत, त्यात यांत्रिक किल्ली आहे का?
२. आतून डबल लॉक केल्यावर बाहेरून काय उघडते?
३. बॅटरी पूर्ण संपली असताना आतला दांडा चालतो का?
४. बाहेरून तात्पुरती वीज कशी द्यायची?
५. इंटरनेटशिवाय काय काय चालते?
६. ठसे कुठे साठवले जातात, आणि घर सोडताना सगळे पुसता येते का?
७. बिघाड झाला तर आपल्या गावात दुरुस्तीला कोण येते आणि किती वेळात?

ज्यांना या सगळ्याची दगदग नको त्यांनी स्मार्ट कुलूप न घेण्यातही काही गैर नाही. चांगले नाइट लॅच, न लावलेली आतली कडी आणि शेजाऱ्यांकडे एक किल्ली, एवढ्यानेही निम्म्याहून अधिक काम होते. ब्रिटनमध्ये एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या दाराबाहेर आकड्यांनी उघडणारी किल्लीची लहान पेटी भिंतीत बसवलेली असते आणि देखभाल करणारे तिच्यातून किल्ली घेतात. त्यात ना बॅटरी, ना इंटरनेट.

कुलूप कोणतेही असो, वर्षातून दोनदा, सेल बदलायच्या दिवशी, एक तालीम जरूर करावी. ज्येष्ठ व्यक्ती आत असताना, रात्रीसारखे सगळे बंद करून, शेजाऱ्यांना आपल्या मदतीशिवाय बाहेरून दार उघडायला सांगावे आणि घड्याळ लावावे. पाच मिनिटांत दार उघडले तर कुलूप योग्य आहे. नाही उघडले, तर कुठे अडले ते तिथेच दिसेल. बहुतेक घरांत ते कडीपाशी अडलेले असेल.